ईसीजी नॉर्मल होता, मग झटका कसा आला? हृदयाच्या रक्तवाहिन्या आणि धोक्याचे गणित

"डॉक्टर, मागच्याच महिन्यात कंपनीत चेकअप झालं. ईसीजी नॉर्मल होता. मग असं कसं झालं?"

आयसीयूच्या बाहेर हा प्रश्न मी असंख्य वेळा ऐकला आहे. विचारणारी बहुधा पत्नी असते, नाहीतर मुलगा. प्रश्नामागे एक शंकाही असते, की कुणाकडून तरी काहीतरी बघायचे राहून गेले. बहुतेक वेळा रिपोर्ट बरोबरच असतो. त्या रिपोर्टकडून आपण धरलेली अपेक्षा मात्र चुकलेली असते.

ईसीजी ही हृदयातील विजेच्या लहरींची काही सेकंदांची नोंद आहे. ठोके नियमित आहेत का, हृदयाच्या स्नायूला या क्षणी रक्त कमी पडते आहे का, पूर्वी झटका येऊन गेल्याची खूण आहे का, एवढे त्यातून कळते. रक्तवाहिनीच्या भिंतीत वीस वर्षांपासून काय साचत आले आहे, ते ईसीजीला दिसत नाही. त्यामुळे सकाळी ईसीजी नॉर्मल आणि रात्री झटका, हे घडू शकते. इतकेच काय, झटका सुरू असतानाही पहिला ईसीजी कधी कधी नॉर्मल येतो. म्हणून छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी आम्ही पुन्हा पुन्हा काढतो आणि रक्तातील ट्रोपोनिनही तपासतो.

भिंतीच्या आत काय चालते

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या करोनरी धमन्या हृदयाच्या पृष्ठभागावरून जातात. मोठी धमनीसुद्धा सुरुवातीला साधारण बॉलपेनच्या रिफिलएवढीच असते. या धमन्यांत चरबी साचते असे सांगितले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर गाळ बसलेला नळ येतो. मग "नळ साफ करणारे" काढे आणि रस यांच्या जाहिराती खऱ्या वाटू लागतात. प्रत्यक्षात चरबी नळाच्या आतल्या पृष्ठभागावर बसत नाही, ती भिंतीच्या आत शिरते. तिथून ती खरवडून किंवा धुऊन काढणारा कोणताही रस नाही.

भिंतीच्या सर्वांत आत एकाच पेशीच्या जाडीचे अस्तर असते. त्याला एंडोथेलियम म्हणतात. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करते. त्यामुळे वाहिनी सैल राहते, गरजेनुसार रुंदावते आणि रक्तातील प्लेटलेट्स तिला चिकटत नाहीत. हे काम उलगडल्याबद्दल १९९८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना मिळाले. वाढलेला रक्तदाब, वाढलेली साखर आणि तंबाखू या तिन्ही गोष्टी याच अस्तराला इजा करतात.

अस्तर दुखावले की रक्तातील एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो, ते त्याखाली जाऊन अडकते. ते साफ करायला पांढऱ्या पेशी येतात, पोटभर चरबी खाऊन तिथेच फुगून बसतात आणि त्या जागी सूज राहते. शरीर त्यावर तंतूंचे एक झाकण घालते. तयार झालेल्या या गाठीला प्लाक म्हणतात. बरीच वर्षे प्लाक बाहेरच्या बाजूला वाढतो आणि रक्ताची वाट मोकळीच राहते. त्यामुळे दम लागत नाही, दुखत नाही, माणूस तीन जिने चढून जातो.

हे सगळे म्हातारपणी सुरू होते असेही नाही. कोरियाच्या युद्धात मरण पावलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचे सरासरी वय २२ होते आणि दर चारांपैकी सुमारे तिघांच्या करोनरी धमन्यांत हा बदल सुरू झालेला होता. ही तंदुरुस्त म्हणून सैन्यात घेतलेली मुले होती.

"ब्लॉक किती टक्के आहे?"

अँजिओग्राफीनंतरचा पहिला प्रश्न हाच असतो. ९० टक्के ऐकले की घरातले हादरतात आणि ३० टक्के ऐकले की पेढे वाटायला निघतात. दोन्ही प्रतिक्रिया पूर्ण बरोबर नाहीत.

चालताना छातीत भरून येणे आणि थांबल्यावर बरे वाटणे हा त्रास अरुंद झालेल्या वाटेमुळे होतो. तिथे टक्क्यांना अर्थ आहे. पण बहुतेक मोठे झटके वेगळ्या प्रकारे येतात. प्लाकवरचे झाकण पातळ असेल आणि आत सूज असेल, तर ते एखाद्या दिवशी फाटते. आतला मऊ चरबीचा गर रक्ताच्या संपर्कात येतो आणि शरीर त्याला जखम समजून तिथे गुठळी बनवते. काही मिनिटांत पूर्ण धमनी बंद होऊ शकते. अनेक रुग्णांत असे फाटलेले प्लाक आधी निम्म्याहून कमी वाट अडवणारे असतात. मोठा ब्लॉक एकेकटा पाहिला तर अधिक धोक्याचा असतोच, पण लहान प्लाक संख्येने खूप जास्त असतात. आणि स्ट्रेस टेस्ट, म्हणजे पट्ट्यावर चालवून केलेली तपासणी, मुख्यतः मोठे अडथळे पकडते. ती नॉर्मल आली ही चांगली बातमी आहे, पण ती विम्याची पॉलिसी नव्हे.

इथेच स्टेंटबद्दलचा एक गैरसमज दूर करायला हवा. झटका सुरू असताना तातडीने केलेली अँजिओप्लास्टी जीव वाचवते, त्यात वाद नाही. मात्र ज्यांचा त्रास स्थिर आहे, फक्त जास्त चालल्यावर दुखते, त्यांच्यासाठी दोन मोठे अभ्यास झाले आहेत. २००७ चा 'करेज' आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला 'इस्केमिया', ज्यात ५,००० हून अधिक रुग्ण होते. नीट औषधोपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत, आधीच स्टेंट किंवा बायपास केलेल्यांत मृत्यूचे प्रमाण कमी झालेले दिसले नाही. छातीतला त्रास मात्र कमी झाला. डाव्या मुख्य धमनीत मोठा ब्लॉक किंवा हृदयाचे पंपिंग फारच कमी असलेले रुग्ण या गणितात येत नाहीत. त्यांचा निर्णय वेगळा होतो. कारण सरळ आहे. स्टेंट एका जागेची वाट रुंद करतो. बाकीच्या सगळ्या धमन्यांतले लहान प्लाक तसेच राहतात, आणि त्यांच्यावर काम करतात ती औषधे, तंबाखू सोडणे आणि रोजचे चालणे. स्टेंट बसला, आता पथ्य संपले, असे समजणारे रुग्ण मला ब्लॉक असलेल्या रुग्णांपेक्षा जास्त काळजीत टाकतात.

धोका एका आकड्यात नसतो

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात फ्रॅमिंगहॅम नावाचे गाव आहे. १९४८ मध्ये तिथल्या ५,२०९ निरोगी स्त्री-पुरुषांची नोंद सुरू झाली आणि पुढे अनेक दशके दर दोन वर्षांनी त्यांची तपासणी होत राहिली. उच्च रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि सिगारेट यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध तिथून स्पष्ट झाला. त्याआधी वय वाढल्यावर रक्तदाब वाढायचाच, असे डॉक्टरही म्हणत असत. आमच्या ओपीडीत आजही कुणी आजोबा "या वयात एवढं चालायचंच" म्हणतात तेव्हा मला ते जुने वैद्यकशास्त्र आठवते.

२००४ मध्ये ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासाने दाखवले की पहिल्या झटक्यांचा सुमारे ९० टक्के धोका बदलता किंवा आटोक्यात आणता येण्याजोग्या नऊ गोष्टींशी जोडलेला आहे. तंबाखू, रक्तातील चरबीचा बिघाड, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळे-भाज्या कमी खाणे, व्यायामाचा अभाव, मद्यपानाची सवय. भारतीयांना महत्त्वाची बाब अशी, की दक्षिण आशियाई लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे लवकर आलेला दिसला, आणि त्यामागचे एक मोठे कारण हेच घटक आपल्याकडे कमी वयात दिसणे हे होते.

या घटकांची नुसती बेरीज होत नाही, ते एकमेकांचा परिणाम वाढवतात. समजा एखाद्याचा रक्तदाब १४६ आहे, एलडीएल १३८, उपाशीपोटी साखर ११८ आणि दिवसातून दोन-तीनदा तंबाखूची चिमूट. प्रत्येक रिपोर्टवर कुणीतरी "थोडं वाढलंय, बघू पुढे" म्हटलेले असते. चारही एकत्र ठेवले तर हा माणूस चांगल्याच धोक्यात आहे. उलट, बाकी सगळे उत्तम असलेल्या तिशीतल्या मुलीचा रक्तदाब तपासणीच्या दिवशी थोडा वाढलेला दिसला, तर आज औषध सुरू करायची घाई नसते. घरी काही दिवस मोजून मग ठरवता येते.

बारीक अंगाच्या लोकांनी इथे थोडे थांबावे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातील चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांचे ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचे २१.२ टक्के. हातपाय सडपातळ, पण स्नायू कमी आणि चरबी जास्त, ही आपल्याकडची नेहमीची ठेवण आहे. म्हणून वजनकाट्यापेक्षा कमरेला टेप लावणे उपयोगाचे. पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर साखर आणि चरबी तपासायला हवी. टेप बेंबीच्या आसपास लावा. पँटचा नंबर धरू नका, कारण पँट पोटाखाली सरकलेली असते.

आपले आकडे

रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त असेल तर तो वाढलेला. घरी मोजल्यास मर्यादा १३५/८५ ची. उपचार घेणाऱ्या बहुतेकांसाठी १३०/८० च्या आसपास आणणे हे ध्येय असते. मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, पाच मिनिटे पाठ टेकून बसा, हात हृदयाच्या पातळीवर ठेवा, मोजताना बोलू नका. जिना चढून येऊन लगेच मोजलेला आकडा कुणाच्याच कामाचा नसतो.

कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टवर एकूण आकडा पाहून बरेच जण खुश होतात. पाहायचे ते एलडीएल. झटका येऊन गेलेल्यांत किंवा स्टेंट-बायपास झालेल्यांत ते ५५ च्या खाली आणण्याचा प्रयत्न केला जातो, मधुमेही आणि इतर जास्त धोक्याच्या लोकांत ७० च्या खाली. लॅबच्या कागदावर १०० पर्यंत 'नॉर्मल' छापलेले असते. ते निरोगी माणसासाठी असते, तुमच्यासाठी नव्हे.

आणखी एक तपासणी आयुष्यात एकदा करून घेण्यासारखी आहे: लायपोप्रोटीन-ए. हा अनुवंशिक घटक आहे, आहार-व्यायामाने फारसा बदलत नाही. ज्या घरात वडील किंवा भाऊ ५५ च्या आधी, आई किंवा बहीण ६५ च्या आधी हृदयविकाराने आजारी पडली आहे, तिथे तर ही तपासणी जरूर करावी. तो आकडा जास्त निघाला तर बाकीचे घटक अधिक कडकपणे सांभाळायचे असतात.

स्त्रियांनी आपल्या गरोदरपणाची आठवण डॉक्टरांना सांगावी. त्या काळात रक्तदाब किंवा साखर वाढली असेल तर पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा धोका वाढतो. बाळंतपण झाले, बीपी उतरले, विषय संपला, असे बहुतेक घरांत होते, आणि पुढे कोणी बीपी मोजतही नाही.

चिमूटभर तंबाखू

"सिगारेट ओढत नाही, नुसती तंबाखू खातो" हे वाक्य सुटका म्हणून सांगितले जाते. इंटरहार्टमध्ये केवळ चघळायची तंबाखू खाणाऱ्यांतही झटक्याचा धोका दुपटीहून अधिक दिसला. मिश्री लावणाऱ्या आजी-काकूंना आपण तंबाखू घेतो असे वाटतच नाही. विचारले तर "नाही" म्हणतात. म्हणून मी "दात कशाने घासता?" असे विचारतो. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यातले निकोटिन हिरडीतून थेट रक्तात जाते.

सिगारेट-बिडी सोडल्यावर तिच्यामुळे वाढलेला हृदयविकाराचा जादा धोका साधारण वर्षभरात निम्म्यावर येतो. एवढ्या लवकर एवढा फायदा देणारे औषध आमच्याकडे दुसरे नाही.

ताटाबद्दल थोडेसे

तेल कोणते, यावर घरोघरी वाद होतात. मला विचाराल तर शेंगदाणा की करडई यापेक्षा महिन्याला डबा किती लागतो, हे आधी बघा. वनस्पती तूप आणि पुन्हा पुन्हा तापवलेले तळणाचे तेल टाळा. मीठ दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. ती भाजी-आमटीतच जवळपास संपते. पापड, लोणचे, ठेचा आणि फरसाण वरचे. भाकरी, उसळी, पालेभाज्या, शेंगदाणे, ताक, यांत बिघडवण्यासारखे काही नाही. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस खाऊन मधुमेह्याची साखर चढते, एवढे मात्र लक्षात ठेवा. चालणे आठवड्याला १५० मिनिटे, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही अशा वेगाने. दुकानापर्यंत रमतगमत जाणे यात धरू नये.

"गोळी एकदा लागली की लागलीच"

हे वाक्य ऐकून गोळ्या बंद केलेले लोक पुन्हा भेटतात तेव्हा बहुतेकदा दवाखान्यात झोपलेले असतात. रक्तदाबाच्या गोळीची सवय लागत नाही. आजार राहतो, म्हणून गोळी राहते. आकडा नॉर्मल आला तो गोळीमुळे आला.

सर्वांत जास्त अपप्रचार स्टॅटिनचा होतो. हे औषध मुळात बुरशीतून मिळाले. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंदो यांनी हजारो बुरशा तपासल्या आणि १९७३ मध्ये त्यांना पहिले स्टॅटिन सापडले, तेही तांदळावरच्या निळसर बुरशीत. एलडीएल सुमारे ३९ ने उतरले तर झटका, पक्षाघात यांसारख्या घटना साधारण एक पंचमांशाने कमी होतात, हे मोठ्या अभ्यासांतून सिद्ध झाले आहे. स्टॅटिन झाकण जाड करते आणि आतली सूज उतरवते. म्हणून कोलेस्टेरॉल "नॉर्मल" असलेल्या हृदयरुग्णालाही ते दिले जाते.

अंगदुखीचे काय? काहींना खरोखर होते आणि डॉक्टर मात्रा किंवा औषध बदलू शकतात. पण लंडनच्या इम्पिरियल कॉलेजने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेला एक छोटा अभ्यास डोळे उघडणारा आहे. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने हुबेहूब दिसणारी खोटी गोळी आणि काही महिने कोणतीच गोळी दिली नाही. खऱ्या गोळीवर जेवढा त्रास झाला, त्यातला सुमारे ९० टक्के खोट्या गोळीवरही झाला. त्रास खोटा नव्हता. तो गोळीतल्या औषधाचा नव्हता. म्हणून परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

उलट, ज्यांना हृदयविकार नाही त्यांनी कुणाच्या सांगण्यावरून रोज अॅस्पिरिन सुरू करू नये. अशा लोकांत रक्तस्रावाचा धोका फायद्याच्या बरोबरीने येतो.

छातीत दुखू लागले तर

महाराष्ट्रात झटक्याचे पहिले निदान बहुधा घरीच होते आणि ते असते "गॅस". मग सोडा, ओवा, पाठीला मालीश, आणि तास-दोन तास निघून जातात. बंद धमनीमागचा स्नायू या तासांतच मरत असतो. धमनी उघडण्याचा सर्वाधिक फायदा पहिल्या दोन-तीन तासांत मिळतो.

छातीच्या मध्यभागी दडपण, आवळल्यासारखे वाटणे, दुखणे डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, त्यासोबत घाम, हे दहा-पंधरा मिनिटे राहिले तर गॅस म्हणू नका. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात दुखणे नसतेही. अचानक दम लागणे, थंड घाम, उलटी, कधी नाही असा थकवा, एवढेच असते.

अशा वेळी १०८ ला फोन करा. रुग्णाला चालवू नका, जिने उतरवू नका, त्याला स्वतः गाडी चालवू देऊ नका. अॅस्पिरिनची अॅलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायला द्या. शेजाऱ्यांकडची सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवण्याची घाई करू नका. रक्तदाब आधीच उतरलेला असेल तर तो आणखी कोसळतो. आपल्या भागात चोवीस तास अँजिओप्लास्टी कुठे होते, हे आजच विचारून ठेवा. ते दूर असेल तर जवळच्या रुग्णालयात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन मिळते का, तेही. रात्री दोन वाजता हे शोधत बसता येत नाही.

आणि तो मागच्या महिन्यातला नॉर्मल ईसीजी टाकून देऊ नका. त्याचा फोटो मोबाइलमध्ये आणि मूळ कागद फाइलमध्ये, औषधांच्या चिठ्ठीसोबत ठेवा. झटक्याच्या शंकेने आलेल्या रुग्णाचा आधीचा ईसीजी समोर असेल, तर आजचा बदल नवा आहे की जुनाच, हे आम्हाला लगेच ठरवता येते.